आखाजीचा सर्वे

३१ मार्च, मंगळवार

जुन्या जिनिंग गिरणीच्या पडक्या भिंतीवर सकाळी नोटीस चिकटवून गेले. मी शिकवणीच्या मुलांना उजळणी देत होते, तेवढ्यात सुगंधाक्का बोलवायला आल्या. वस्तीत कुठलाही सरकारी कागद आला की वाचायला मलाच नेतात. गर्दी बाजूला झाली आणि मी मोठ्याने वाचायला लागले.

पांझरा नदीच्या काठाने रस्ता होणार आहे. आमची सगळी वस्ती त्यात येते. जे पात्र ठरतील त्यांना महामार्गापलीकडच्या इमारतीत खोली. पात्र कोण, ते सर्वेत ठरणार. घर बाईच्या नावावर करायचं आहे, म्हणून सर्वेच्या दिवशी घरातल्या बाईचा दारात फोटो आणि यंत्रावर अंगठा. काम पावसाळ्यापूर्वी संपवायचं.

"अपात्र झोपडीधारकांना निष्कासित करण्यात येईल" हे वाक्य वाचताना माझ्या तोंडून "हलवण्यात येईल" असं गेलं. मुद्दाम नाही, जीभच तशी वळली. मग दुसऱ्यांदा वाचताना नीट शब्द वाचला आणि अर्थ सांगितला. सुगंधाक्कांची सून दिपमाला धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. तिने विचारलं, "म्हणजे काढून टाकणार का, ताई?"

मी म्हटलं, "पात्र असलो तर नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते माझ्या हातात आहे.

६ एप्रिल, सोमवार

सर्वे करणाऱ्या एजन्सीचा मुलगा आला होता. पियुष नाव, नाशिकचा. बोलायला नम्र. माझं नाव त्याला कोणीतरी सांगितलं असावं, सरळ माझ्याकडेच आला. मी ओट्यावर बसले होते, शेजारच्या नसीमभाभी गादीची खोळ शिवत होत्या. त्यांचे हबीबभाई कापूस पिंजतात, वस्तीच्या तोंडाशीच त्यांचं दुकान आहे.

पियुष म्हणाला, "मॅडम, मागच्या वस्तीत फार त्रास झाला. निम्म्या घरांना कुलूप. कोणी केळी कापायला रावेरला, कोणी वीटभट्टीवर. कुलूप दिसलं की आम्हाला 'बंद' लिहावं लागतं, आणि बंद घर म्हणजे अपात्र. तुमच्याकडे असा कुठला दिवस आहे, की सगळी घरं उघडी असतील?"

मला विचार करावा लागला नाही. "आखाजी," मी म्हटलं. "अक्षय्य तृतीया. रावेरचे, भट्टीवरचे, सगळे त्या दिवशी घरी येतात. वस्तीत एक कुलूप दिसणार नाही. यंदा तर रविवारीच आहे."

त्याने मोबाईलमध्ये टिपून घेतलं. नसीमभाभींनी खोळीतून मान वर केली. "रत्नाताई, आखाजीला तर..." एवढंच म्हणाल्या आणि हबीबभाईंनी हाक मारली म्हणून उठून गेल्या.

मला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की आपल्या शिक्षणाचा कोणाला तरी उपयोग झाला. हे लिहिताना थोडी लाजही वाटते, पण वाटलं हे खरं आहे.

९ एप्रिल, गुरुवार

जिनिंगच्या मोकळ्या जागेत एक जेसीबी आणून उभा केलाय. ड्रायव्हर नाही, कोणी नाही. नुसता उभा आहे. मुलं त्याच्या चाकावर चढून खेळतात आणि आया त्यांना मारून खाली उतरवतात. मी सकाळपासून तीनदा जाऊन पाहून आले. का, ते सांगता येत नाही.

माझे यजमान प्रेमराज टेम्पो घेऊन जामनेरच्या बाजारात गेले होते. आल्यावर म्हणाले, "उभा आहे तोवर ठीक आहे. तू सारखी बघायला जाऊ नकोस, लोक तुझ्याकडे बघून घाबरतात."

माझ्या चेहऱ्यावर इतकं दिसतं हे मला माहीत नव्हतं.

१७ एप्रिल, शुक्रवार

वस्ती भरून गेली आहे. रिक्षा येतात, पोरी उतरतात. बोदवडहून, पारोळ्याहून, सुरतेहून. कडुनिंबाला झोके बांधलेत. सुगंधाक्कांची बोदवडची लेक लता आली. आल्या आल्या तिने जेसीबीकडे बोट करून विचारलं, "हाई काय, माहेरले आंदण देल शे का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. खूप दिवसांनी.

दुपारी दिपमाला पिशवी घेऊन दारात आली. तिची आई जामनेरला आजारी आहे. गेल्या वर्षी ती आखाजीला गेली नव्हती, धाकटा पोटात होता.

"ताई, मी जाऊ ना? सर्वे आहे ना परवा."

मी नीट विचार केला. रेशनकार्डावर पहिलं नाव सुगंधाक्कांचं आहे. त्या घरीच आहेत, तिचा नवरा भूषण घरी आहे, घर उघडं आहे. मी म्हटलं, "जा खुशाल. आईला भेटून ये. आक्का आहेत ना दारात उभ्या राहायला."

ती गेली. भूषण तिला एसटी स्टँडवर सोडून आला.

संध्याकाळी थोडं रिकामं वाटलं. आई गेल्यापासून आखाजीला मला कुठे जायचं नसतं. सवय झाली आहे. आता तर आखाजी म्हटलं की मला घरी येणारी माणसंच आठवतात, जाणारी नाहीत.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी.

सर्वे झाला. मनावरचं ओझं उतरलं.

पियुष आणि आणखी दोघे सकाळीच आले. घरोघरी खापरावर पुरणपोळ्या, घागरी भरून ठेवलेल्या, आमरसाचा वास. बायका इतक्या गडबडीत की त्या तिघांना बसायला कोणी म्हणेना. शेवटी हबीबभाईंनी दुकानात बोलावून चहा पाजला, सावलीत बसवलं.

मी त्यांच्याबरोबर फिरले. एकही कुलूप नव्हतं. मी म्हटलं तसंच. पियुष प्रत्येक दारात म्हणायचा, "ताई, जरा उभ्या राहा, इकडे बघा, अंगठा द्या." पोरी नव्या साड्या नेसून तयारच होत्या, फोटोला हौसेने उभ्या राहत होत्या. म्हाताऱ्यांचे अंगठे यंत्र घेत नव्हतं. सुगंधाक्कांनी चारदा अंगठा दाबला. पदराला पुसून, थुंकी लावून. यंत्र लाल दिवाच दाखवत राहिलं.

"मना अंगठा झिजी गया वं माय, भांडा घासी घासी," त्या म्हणाल्या.

लता पुढे झाली. "ले भाऊ, मना ले. मी बी आठलीच शे." मीही इथलीच, म्हणत तिने अंगठा दाबला आणि हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढच्या तीन-चार घरांत असंच झालं, मग पियुष म्हाताऱ्यांना विचारीनासाच झाला.

माझाही फोटो झाला. नसीमभाभींचा झाला, त्यांच्या सुनेचा, सादियाचाही झाला.

निघताना पियुष म्हणाला, "मॅडम, दिवस छान निवडला तुम्ही."

२८ एप्रिल, मंगळवार

यादी लागली.

माझ्या घरापुढे पात्र. नसीमभाभींच्या पात्र. त्यांच्या बाजूची सगळी मुसलमान घरं पात्र. आमच्या बाजूला एकामागून एक अपात्र. मी वाचत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला. कोणीतरी मागून म्हणालं, "मोठ्याने वाच." मी मोठ्याने वाचलं. सुगंधाक्कांच्या घरापुढे: "अपात्र. घरात आढळलेल्या महिलेचा आधार पत्ता बोदवड. घर अन्य व्यक्तीस दिल्याचे दिसते."

कोणालाच समजेना. मलाही समजेना. हे मी शपथेवर लिहिते, त्या क्षणी मलाही समजलं नाही. मी म्हटलं, यंत्राची चूक असेल, आपण हरकत घेऊ.

दिपमाला जामनेरहून परवाच परत आली आहे. यादी ऐकून ती वळली. घरात जाऊन मुलांचे कपडे एका गोणीत भरायला लागली. मी म्हटलं, अगं, इतक्यात काही होत नाही. ती म्हणाली, "भरून ठेवते, ताई. यंत्र आलं तर हातात काय येईल तेवढंच."

२९ एप्रिल, बुधवार

आज पाणी भरताना कळलं.

सुगंधाक्का कोणाला तरी सांगत होत्या, "आखाजीले सून कधी घरमा ऱ्हास का? त्या दिन तर पोरीस्ना."

हंडा माझ्या हातातच राहिला. सुना माहेरी होत्या. दारात मुली होत्या. मुलींची घरं दुसरीकडे, त्यांचे पत्ते दुसरीकडे. आणि नसीमभाभींच्या बाजूला कोणाची आखाजी नाही, म्हणून ज्या राहतात त्याच दारात उभ्या होत्या.

खान्देशातलं शेंबडं पोर हे सांगेल. मी बी. ए. झालेली, इथेच जन्मलेली, मला आठवलं नाही. मी कुलपं मोजली, माणसं मोजली नाहीत. आणि दिपमालाला तर मीच म्हटलं, जा खुशाल.

कोणालाही माहीत नाही की दिवस मी सांगितला. पियुषला माहीत आहे. नसीमभाभी तिथे बसल्या होत्या, पण त्यांचं लक्ष शिवणात होतं असं मला वाटतं. त्यांना आठवत नसावं.

आठवत नसावं, असं लिहिताना मला काय हवं आहे ते मला दिसतंय.

२ मे, शनिवार

वस्तीत बोलणं फिरतंय की हबीबभाईंनी सर्वेवाल्यांना चहा पाजला, म्हणून त्यांची घरं पास झाली. आज पोरं दुकानावरून जाताना ओरडत होती, "हबीबचाचा, चायमा काय टाकं व्हतं?" पहिल्यांदा हबीबभाई हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत.

भूषणही त्या पोरांत उभा होता. तो ओरडला नाही, पण त्याने कोणाला थांबवलंही नाही.

मी दारात होते. मीही थांबवलं नाही.

दुपारी नसीमभाभी आल्या, खोळीचा दोरा संपला म्हणून. मी दोरा दिला. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाहत होत्या. वाटलं, आता म्हणतील. त्या म्हणाल्या, "ताई, जेवलात का?" आणि गेल्या. बहुतेक माझ्यावर रागावल्या आहेत, की मी त्या पोरांना काही बोलले नाही. रागावणं बरोबरच आहे.

४ मे, सोमवार

हबीबभाईंनी पिंजून ठेवलेल्या कापसाच्या ढिगावर कोणीतरी पाणी ओतलं. सगळा कापूस भिजून दगडासारखा झाला. ते दोघे नवरा-बायको तो उन्हात पसरत होते. मी मदतीला गेले तर नसीमभाभी म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ इकडे. लोक बघतात."

मला ते लागलं. घरी येऊन विचार केला की त्यांनी मला हाकललं. मग वाटलं, नाही, कदाचित... कदाचित काय, ते मला पुढे सुचत नाही.

हे असंच चाललं तर उद्या पाण्याच्या जागी आग येईल. जेसीबीला मी इतके दिवस घाबरत होते. आता शेजाऱ्यांना घाबरते.

सांगायला हवं. प्रेमराजना विचारलं. ते म्हणाले, "आपलं घर पात्र आहे. तू सांगितलंस तर लोक म्हणतील, हिने स्वतःचं बघून दिवस निवडला. आणि खरं सांग, तसं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नव्हतं."

पण त्यांनी विचारल्यापासून मी मनात तपासतेय. त्या दिवशी मी घरी असणार हे मला माहीत होतं. दिवस सांगताना कुठेतरी आत ते होतं का? नव्हतं. असेल असं वाटत नाही. वाटत नाही म्हणजे नव्हतं का?

७ मे, गुरुवार

हरकतींची सुनावणी होती. अपात्र घरांतले लोक कचेरीच्या व्हरांड्यात, पंखा नाही, म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसलेल्या. सगळ्यांच्या वतीने बोलायला मला पुढे केलं.

साहेब साताऱ्याकडून नव्याने बदलून आलेले. वाईट माणूस वाटला नाही. मी सांगितलं की त्या दिवशी सण होता, सुना माहेरी होत्या, दारात लेकी होत्या.

ते म्हणाले, "सणाला माणसं घरी येतात, बाई. आमच्याकडे तरी. सणाच्या दिवशी जी बाई घरात नाही, ती त्या घरात राहते असं मी कसं मानू?"

सुगंधाक्का मागून बोलल्या, "सायेब, सून माहेरले गयी म्हणीसन घर तिनं ऱ्हायनं नही का?"

सून माहेरी गेली म्हणून घर तिचं राहत नाही का, हे साहेबांना नीट समजलं नसावं. त्यांनी कागद उलटले. "एजन्सीचं म्हणणं आहे, दिवस वस्तीच्या सोयीने ठरला. वस्तीतल्याच कोणीतरी सुचवला. कोणी सुचवला? त्या गादीवाल्याने का?"

मागे कुजबुज झाली. भूषणचा आवाज मी ओळखला, "तेच म्हणतोय आम्ही."

मी पुढे झाले. साहेबांच्या टेबलाची कड धरली. मला खरंच वाटलं होतं की मी गप्प राहणार आहे. "मी," असं तोंडातून निघालं. "मी सुचवला. रावेरला गेलेले पुरुष येतील, कुलपं नसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सुनांचं माझ्या लक्षात आलं नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमचं स्वतःचं घर?"

"पात्र आहे."

त्यांनी काही लिहिलं. मला उलटं वाचता आलं नाही. मग म्हणाले, १४ तारखेला फेरसर्वे. शेवटचा. ज्या घरात राहणारी बाई दारात नसेल ते घर संपलं, पुन्हा हरकत नाही. आणि माझ्या घराची पात्रता चौकशी होईपर्यंत बाजूला.

परत रिक्षाने आलो. उतरल्यावर सुगंधाक्का माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं मारतील.

"तुले माहेर नही," त्या म्हणाल्या, "म्हणीसन तुना ध्यानमा ऊनं नही."

रागाने म्हणाल्या की कशाने, मला कळलं नाही. त्यापेक्षा मारलं असतं तर चाललं असतं.

८ मे, शुक्रवार

शिकवणीला एकही मूल आलं नाही.

नसीमभाभींकडे गेले. त्या कापूस वेचत होत्या, वाचला तेवढा. मी म्हटलं, तुमच्यावर आळ आला तो माझा होता.

"मी तिथेच बसले होते ना," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? आमच्यावर तर आलंच होतं. तुमच्यावर पण आलं असतं." मग म्हणाल्या, "और ताई, मी बोलले असते तर कोणी खरं मानलं असतं का?"

मी त्यांना इतके दिवस रागावलेली समजत होते. हबीबभाईंनी माझ्यासमोर चहा ठेवला. मी तो तसाच हातात धरून बसले.

१२ मे, मंगळवार

वस्तीतली एकही बाई कामाला गेलेली नाही. १४ ला येतील म्हणतात, पण आधीच आले तर? दळण आणायला पोरांना पाठवतात. कुठलंही इंजिन वाजलं की सगळ्या दारात येऊन उभ्या राहतात. ट्रॅक्टर निघून जातो, आत जातात. आज रेशनच्या टेम्पोसाठीही उभ्या राहिल्या. लता असती तर यावरही काही बोलली असती. आता कोणी हसत नाही.

दिपमालाच्या आईचं जास्त झालंय. भाऊ जितेंद्रचा रोज फोन येतो. मी तिला म्हटलं, भूषणबरोबर उद्या पहाटे जा, रात्री परत ये. शंभराच्या वर किलोमीटर आहे, पण होईल.

ती म्हणाली, "आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर?"

मला पुढे आग्रह करवेना. मागच्या वेळी मीच तिला जा म्हटलं होतं. आता माझ्या जा म्हणण्याला काय किंमत.

"आई म्हणाली होती आखाजीला," ती म्हणाली, "आधी घर बघ." मग पोराचं नाक पुसलं आणि आत गेली.

१४ मे, गुरुवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

सकाळी साडेसातला मला जितेंद्रचा फोन आला. माझा नंबर त्याच्याकडे दिपमालाने कधीतरी दिला होता. म्हणाला, "ताई, आई गेली. पहाटे. भूषणदाजींना दोनदा लावला, ते उचलतात, ऐकतात आणि काही न बोलता ठेवून देतात. रेंज नसेल. तुम्ही दिपूला सांगा. आम्ही पाचपर्यंत थांबतो."

तेवढ्यात पियुषची गाडी जिनिंगपाशी आली. मागे पोलिसांची एक गाडी. जेसीबीच्या ड्रायव्हरच्या जागेवर आज माणूस बसलेला होता.

मी दिपमालाच्या दाराकडे निघाले आणि अर्ध्या रस्त्यात थांबले. सांगितलं तर ती जाईल. कोण जाणार नाही? आणि ती गेली की घर संपलं. आक्कांचा अंगठा लागत नाही. साहेब म्हणाले होते, पुन्हा हरकत नाही. नाही सांगितलं तर मी एका लेकीपासून तिच्या आईचं मरण लपवतेय. कशाच्या अधिकाराने? एकदा मी तिच्यासाठी ठरवलं, त्याचं काय झालं ते समोर होतं.

मी गेले आणि सांगितलं नाही. तिच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसले.

माझं तोंड मला सांभाळता येत नव्हतं, म्हणून मी खाली बघत होते. पण त्या घरात आज काहीतरी वेगळं होतं. सुगंधाक्का, ज्या सुनेला एक सरळ शब्द बोलत नाहीत, त्या तिला ताटात भाकरी मोडून देत होत्या. "पोट भरीसन खाय ले. मंग येळ भेटाव नही." स्वतः काही खाल्लं नव्हतं, चुलीजवळ दुसरं ताट नव्हतं. दिपमालाचे डोळे सुजले होते. जागरणाने असेल, या आठवड्यात कोण झोपतंय. भूषणने मोटारसायकल बाहेर काढून तोंड रस्त्याकडे करून ठेवली होती. मला वाटलं, घाबरून, पळायची वेळ आली तर म्हणून.

पियुष वस्तीच्या त्या टोकापासून सुरुवात करत होता. दिपमाला कधी परक्या माणसाशी बोलत नाही. आज ती स्वतः चालत त्याच्याकडे गेली. "दादा, आमच्या घरापासून घ्या ना. पहिलं आमचं घ्या." तो म्हणाला क्रमाने होईल. ती म्हणाली, "पाया पडते." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ती दारात उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतला. पियुष म्हणाला, "ताई, इकडे बघा, मान वर." तिने मान वर केली. अंगठा यंत्रावर ठेवला. लाल. पुन्हा ठेवला. लाल. अंगठा यंत्रावर टिकत नव्हता. सुगंधाक्कांनी तिचं मनगट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं, जसं पोराचं धरतात. हिरवा.

"झालं," पियुष म्हणाला.

मी उठले. आता सांगायचं म्हणून तोंड उघडलं, तर भूषणने गाडीला किक मारलेली होती. सुगंधाक्कांनी आतून पिशवी आणून दिपमालाच्या हातात दिली, तिची साडी, धाकट्याचे कपडे, पाण्याची बाटली. भरलेलीच होती. "जाय माय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "दिपमाला, जितेंद्रचा फोन होता. तुझी आई..."

"हो, ताई," ती म्हणाली. रडली नाही, 'कधी' असंही विचारलं नाही. धक्क्याने बधिर झाली असावी. धाकट्याला घेऊन गाडीवर बसली. जाताना तिने माझ्या हाताला हात लावला, क्षणभरच. कदाचित तोल सावरायला असेल.

आक्कांना पिशवी आधीच भरून ठेवायचं कसं सुचलं, हे मी दिवसभर विचार करतेय. रोजच भरून ठेवत असतील, या भीतीच्या दिवसांत.

ती मला क्षमा करेल का, माहीत नाही. तेवढा सगळा वेळ मी तिच्या शेजारी बसून तिच्यापासून ते लपवलं. एवढं मोठं खोटं मी आयुष्यात कधी वागले नव्हते.

१६ मे, शनिवार

फेरसर्वेचा निकाल नाही. माझ्या चौकशीचं पत्र नाही. ड्रायव्हर आज पुन्हा जेसीबीवर बसलेला आहे, मोबाईल बघत.

सुगंधाक्का काल थोरल्या नातवाला घेऊन एसटीने जामनेरला गेल्या. सगळं घर तिकडे आहे. दाराला कुलूप लावताना आक्का थांबल्या, कुलूप हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि मग ते माझ्या हातात दिलं. किल्लीही दिली.

कुलूप दिसायला नको, म्हणून मी दार उघडं ठेवून त्यांच्या उंबऱ्यावर बसले आहे. ही वही इथेच बसून लिहितेय. आज शिकवणीला दोन मुलं आली, त्यांना इथेच पाढे लिहायला दिलेत. नसीमभाभी दुकानातून अधूनमधून बघतात. दुपारी मी जेवायला जाईन तेव्हा त्या येऊन बसणार आहेत.

रस्त्यावर इंजिन वाजतंय. जिनिंगच्या बाजूने. कुठलं ते अजून कळत नाही, मुलंही लिहायची थांबली आहेत.

कोणी येऊन विचारलं तर सांगायचं काय, ते ठरवून ठेवलंय. दिपमाला आत आहे. तिला बरं नाही, ती झोपली आहे.